गेम लावला की डब्यात रातकिडा ओरडतो. एसएमपीएस बदलू की थांबू?

पऱ्हाटीवाला (दारव्हा तालुका, यवतमाळ)

राजेहो, जरा डोकं लावा. माझ्या कॉम्प्युटरच्या डब्यातून आवाज येतात. दुकानदार म्हणतो एसएमपीएस, म्हणजे आतली वीज पुरवणारी पेटी, बदल. बाबा म्हणतात कापूस विकल्याशिवाय रुपया भेटणार नाही. आणि आजी म्हणते, "त्या डब्यात रातकिडा घुसला हाये, मिरचीची धुनी दे." तिघांपैकी कोणाचं ऐकू?

डबा असा आहे: रायझन 5 5600 प्रोसेसर, आरटीएक्स 3060 ग्राफिक्स कार्ड (12 जीबीवालं), 16 जीबी रॅम, 650 वॅटचा ब्रॉन्झ दर्जाचा एसएमपीएस. 2023 च्या दिवाळीत अमरावतीहून आणला. दिवसा यावर गावाचे सातबारे, पीक विमा, शिष्यवृत्तीचे फॉर्म. रात्री नऊनंतर व्हॅलोरंट गेम. ग्राफिक्स कार्ड कशाला लागतं, हे घरी सांगताना "त्यानं प्रिंटर जोरात चालतो" असं सांगितलं होतं. कोणी ओळखीचं वाचत असेल तर तुम्हीही तेच सांगा.

आवाज एक नाही, तीन आहेत. हे माझ्याच लक्षात यायला महिना गेला.

एक, सकाळी चालू केला की घर्रर्र. गिरणीचा पट्टा सैल झाल्यावर होते तसा. थंडीत पाच मिनिटं, ऊन चढल्यावर लावला तर दोन मिनिटं, मग आपोआप गप्प.

दोन, आजीचा रातकिडा. बारीक, एकसारखा चीं. फॉर्म भरताना कधीच नाही. गेम उघडला की सुरू, आणि गंमत म्हणजे मॅचमध्ये कमी, लॉबीत (मॅचआधीच्या मेनूत) नुसतं बसलो असलो की जास्त. ऑल्ट-टॅब करून गेमबाहेर आलो की बंद.

तीन, लाईन गेली आणि इन्व्हर्टरवर आला की गूंऽऽ. डीपीखाली (ट्रान्सफॉर्मरखाली) उभं राहिल्यासारखं वाटते. गेम चालू असो की नसो. दोन-तीनदा तर लाईन जाताच रीस्टार्टच झाला.

आता थोडं घराबद्दल, कारण याचा संबंध असेल असं मला वाटते. मागच्या खोलीत कापूस भरला आहे. सीतादही (वेचणीआधीची पूजा) झाली, वेचणी झाली, भाव काही बाबांच्या मनासारखा नाही, म्हणून कापसाची गंजी छताला टेकली आहे. माझं टेबल आणि त्याचा एक्स्टेंशन बोर्ड त्याच खोलीच्या दाराला लागून. डब्याखालची जाळी आठ दिवसांत पांढरी होते. संध्याकाळी हरभऱ्याला पाणी सुरू झालं की स्टॅबिलायझरचा काटा 170 व्होल्टवर येतो. गावठाणाचा फीडर (वीजवाहिनी) शेतीपेक्षा वेगळा आहे म्हणतात, काट्याला ते कोणी सांगितलं नाही.

यवतमाळात एका दुकानात डबा नेला. त्यांनी दहा मिनिटं चालू ठेवला, एकही आवाज आला नाही, तरी निदान झालं: "एसएमपीएस गेला, 850 वॅटचा टाका." म्हटलं उद्या सांगतो, आणि एसटीत मांडीवर घेऊन परत आलो.

हो, अजून एक. अनवाणी पायानं डब्याला हात लावला की मुंग्या येतात. हे पहिल्या दिवसापासून आहे, म्हणून मी त्याला आवाजात धरलं नाही.

---

टपरीवरचा_गेमर

आवाज आला नाही तरी एसएमपीएस गेला, म्हणजे त्यांनी पत्रिका पाहिली असेल भाऊ.

धुनी मात्र देऊ नको. पंखा ती आत ओढेल आणि मग तू पीक विम्याचे फॉर्म शिंकत भरशील.

---

सोल्डरचा_धूर (नागपूर)

प्रश्न फार छान लिहिला आहेस. माझ्याकडे दुरुस्तीला येणारे नव्वद टक्के लोक "आवाज येतो" एवढंच सांगतात. तू तीन आवाज कधी येतात, कधी थांबतात, हे सांगितलंस, म्हणजे अर्धं काम झालं.

आधी वॅटचा विषय संपवू. आरटीएक्स 3060 ला 170 वॅट लागतात. तुझा प्रोसेसर 65 वॅटच्या वर्गातला, जोरात असताना थोडा जास्त घेतो. मदरबोर्ड, रॅम, पंखे, एसएसडी धरून सगळं मिळून तीनशेच्या आसपास. 650 चा एसएमपीएस यात अर्ध्यावर चालतो, आणि त्याला तिथंच बरं वाटतं. नुसते वॅट वाढवून तुझा एकही आवाज जाणार नाही.

रातकिडा. याला कॉईल व्हाईन म्हणतात. एसएमपीएसमध्ये आणि ग्राफिक्स कार्डावरही तारेचे वेढे असलेल्या कॉईल असतात. त्यांतून करंट फार वेगानं चालू-बंद होतो आणि वेढे, गाभा अगदी सूक्ष्म थरथरतात. हा वेग मुळात आपल्या कानाच्या पट्टीच्या, म्हणजे 20,000 हर्ट्झच्या वर असतो, म्हणून एरवी काही ऐकू येत नाही. पण दर फ्रेमला, म्हणजे पडद्यावरच्या प्रत्येक चित्राला, कार्डाचा लोड वरखाली होतो. लॉबीत दाखवायला काहीच नसतं, तेव्हा कार्ड मोकाट सुटतं आणि सेकंदाला पाचशे-सातशे फ्रेम काढत बसतं. तो चढउतार बरोबर कानात येतो. मॅचमध्ये काम असतं, फ्रेम कमी होतात, आवाज खाली येतो. तू सांगितलेलं लक्षण तंतोतंत हेच आहे. यानं काही जळत नाही.

फक्त ओरडणारी कॉईल एसएमपीएसची की कार्डाची, हे कानानं शोधायचं आहे. डब्याचं बाजूचं झाकण काढ, आत हात न घालता एक पोकळ नळी कानाला लावून दुसरं टोक आधी कार्डाजवळ, मग एसएमपीएसच्या मागच्या जाळीजवळ ने. नळी कागदाची किंवा प्लॅस्टिकची. धातूची अजिबात नको. मग गेमच्या सेटिंगमध्ये मेनूतले फ्रेम मर्यादित करायचा पर्याय आहे, तो चालू कर, आणि मॅचसाठीही तुझ्या मॉनिटरच्या हर्ट्झइतकी (तो सेकंदाला जितक्या फ्रेम दाखवतो तितकी) मर्यादा लाव. काय फरक पडतो ते लिही.

सकाळची घरघर एसएमपीएसच्या पंख्याच्या बेअरिंगची वाटते. थंडीत वंगण घट्ट असतं, गरम झालं की सुटतं. पण दीड-दोन वर्षांत इतकं व्हायला नको होतं. मध्ये कधी साफ केला होतास का, आणि कशानं?

आणि एक सांगून ठेवतो. एसएमपीएस उघडायचा नाही. आतला मोठा कपॅसिटर (वीज साठवणारा भाग) साडेतीनशे-चारशे व्होल्टपर्यंत भरलेला असतो आणि प्लग काढल्यावरही काही वेळ भरलेला राहू शकतो. पंख्याला तेलाचा थेंब देण्यासाठी म्हणून उघडून हात भाजलेले दोन जण मी पाहिले आहेत. स्टिकर फाटलं की वॉरंटीही गेली.

---

लाईनमन_काका (आर्वीकडचा, आता रिटायर)

भाऊ, तुये आवाज मंग पाहू. पयले हे सांग, कापसाच्या खोलीत एक्स्टेंशन बोर्ड काहून ठेवला? रुईचा तंतू सॉकेटात जाते, ढिल्या पिनीवर ठिनगी पडते, अन् कापूस वरून काहीच दाखवत नाई, आतल्या आत धुमसते. बत्तीस वर्षं खांबावर काढले मी. कापसाची आग रात्रीच लागते, अन् पानी टाकलं तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा धूर निघते. आज रातीच टेबल तिथून हालव. गेम मंग खेयजो.

आता मुंग्या. याले लोक "लाईन उतरली" म्हनतेत अन् घाबरतेत. कॉम्प्युटरच्या एसएमपीएसात लाईनीतला विजेचा कचरा गायन्यासाठी फेजपासून बॉडीले एक अन् न्यूट्रलपासून बॉडीले एक, असे दोन बारके कपॅसिटर असतेत. अर्थिंग असली तर तो करंट खाली जाते. अर्थिंग नसली तर बॉडी अधांतरी, अर्ध्या व्होल्टेजवर लटकते. 230 चे अर्धे 115. करंट लयच कमी, म्हनून मुंग्याच येतेत. पन टेस्टर लावला तर मस्त पेटते. म्हंजे तुया घरी तिसऱ्या पिनीले काहीच नाई. नाई तं दोन पिनीवाल्या बोर्डात तीन पिनी खुपसली असन. खरं सांग.

अर्थिंग कर. घराबाहेर सावलीत ओल राहाते अशा जागी खड्डा, कोयसा अन् मीठ थरावर थर, मधात पाईप नाई तं पट्टी. तिथून जाड तार बोर्डापर्यंत. तुयी कायी माती पावसायात लोन्यासारखी चालते, पन एप्रिल-मे मधात भेगा पडून पट्टी सोडते, तवा खड्ड्यात रोज एक बादली पानी टाकजो. अन् कोनी सांगितलं का "न्यूट्रलची तार अर्थिंगच्या पिनीले जोडून दे, काम होते," त्याले चहा पाजून वापस पाठवजो. बाहेर न्यूट्रल तुटला तं अख्ख्या डब्यात फेज उतरते. मंग मुंग्या नाई येत, मानूस जाते.

इन्व्हर्टरवर काय लिवलं हाये ते वाचून सांग.

---

पऱ्हाटीवाला

काका, टेबल हलवलं. रात्री साडेदहाला. आईनं विचारलं काय झालं, म्हटलं एक काका रागावले. आता डबा समोरच्या खोलीत धान्याच्या कोठीजवळ, स्टुलावर आहे. बोर्डाचंही खरं सांगतो: तीन पिनीचाच आहे, पण त्याची वायर जिथं जाते तो भिंतीतला सॉकेट दोन पिनीचा, मधात ॲडॅप्टर. बोर्ड उघडला तर आत कापूस होता. वातीएवढा. बाबांनी तो बोटात धरून पाहिला, काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी स्वतःच कोळसा आणायला गेले.

इन्व्हर्टरवर स्क्वेअर वेव्ह लिहिलं आहे.

आता धूरभाऊ, नळीचा प्रयोग. कागदाची नळी करण्यापेक्षा पपईच्या पानाचा दांडा आणला. आतून पोकळ, लांब, लहानपणी याच्याच पुंग्या करायचो. एक टोक कानात, दुसरं कार्डाजवळ. आजी शेजारी बसून विचारते, "काय म्हनते तो?" कार्डाजवळ नेलं तर चीं एकदम मोठा. एसएमपीएसजवळ नेलं तर फक्त पंख्याचा वारा. म्हणजे रातकिडा कार्डात आहे. लॉबीत आकडा पाहिला तर 640 फ्रेम! माझा मॉनिटर 144 चा. मेनूत 60 आणि मॅचमध्ये 144 ची मर्यादा लावली. गेला. अगदी रात्री सगळं सामसूम झाल्यावर कान लावला तर थोडा ऐकू येते, पण तेवढा खऱ्या रातकिड्यांत मिसळून जाते.

नवा एसएमपीएस घेतला असता तर हा आवाज तसाच राहिला असता, आणि मी दुकानदाराला काय म्हणणार होतो?

आता साफसफाईचं. एक गोष्ट लिहायची राहिली होती, खरं म्हणजे लाजेनं. दिवाळीआधी डबा पंक्चरच्या दुकानात नेला होता. ट्रॅक्टरच्या टायरात हवा भरायचा कंप्रेसर. पोरानं नळी सरळ एसएमपीएसच्या जाळीवर धरली. पंखा असा फिरला की शिट्टी वाजली, आम्ही दोघं हसलो. व्हिडिओपण काढला होता. घरघर त्यानंतरची आहे, हे आत्ता तारखा जुळवताना समजलं.

---

सोल्डरचा_धूर

ती शिट्टी बेअरिंगची होती.

पंखा ज्या वेगासाठी बनवला त्याच्या कितीतरी पट वेगानं तो हवेनं फिरतो तेव्हा बेअरिंगमधलं वंगण फेकलं जातं आणि शाफ्ट कडेनं घासतो. शिवाय टायरच्या कंप्रेसरच्या टाकीत तळाशी पाणी साचलेलं असतं, त्या हवेबरोबर ते शिंतोडे आत जातात. पुढच्या वेळी हातातला लहान ब्लोअर घे, प्लग काढ, आणि जाळीतून लाकडी काडी किंवा कानकोरणीची काडी टेकवून पंखा धरून ठेव, मग हवा मार. बाहेरून आत नाही, ज्या बाजूनं हवा एरवी बाहेर पडते तिकडून. कापूस ज्या वाटेनं आला त्याच वाटेनं परत जायला हवा.

तुझ्या घरघरीचं: पंखा अजून फिरतो आहे, पण भरवसा नाही. एखाद्या सकाळी सुरूच होणार नाही. चांगल्या एसएमपीएसला तापमान वाढलं की स्वतः बंद व्हायची सोय असते, तरी मेच्या उन्हात तुमच्याकडे ती परीक्षा घेऊ नको. 2023 ची दिवाळी म्हणजे वॉरंटी बहुतेक बाकी आहे, बिलावर किती वर्षं लिहिली ते बघ. पंख्याची घरघर हे क्लेमसाठी पुरेसं कारण असतं. सकाळी थंड असताना चालू करून एक मिनिटाचा व्हिडिओ काढ, आवाजासकट. नाहीतर तिथंही तेच होईल: डबा गरम, आवाज नाही. कंप्रेसरचा व्हिडिओ मात्र पाठवू नको, आणि त्यांनी विचारलं तर खोटंही बोलू नको.

स्क्वेअर वेव्हचं सांगतो. घरातल्या लाईनचा करंट लाटेसारखा चढतो-उतरतो, सेकंदाला 50 वेळा. स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टर लाट देत नाही, एकदम वर, एकदम खाली. तुझ्या ब्रॉन्झ एसएमपीएसचा पुढचा भाग त्या लाटेमागोमाग चालायला बनवलेला असतो, त्याला प्रत्येक कड्यावर धक्का बसतो, आणि आतली फिल्टरची कॉईल गुंगते. पंखा आणि ट्यूबलाईटही त्या इन्व्हर्टरवर गुणगुणत असतील, ऐकून बघ. दोन फॉर्म सेव्ह करून बंद करण्याइतका वेळ चालेल. त्यावर गेम नको. पुढच्या वेळी बॅटरीसोबत इन्व्हर्टरही बदलणार असाल तर साईन वेव्ह घ्या.

रीस्टार्टचं कारण वेगळं. लाईन तुटल्यावर एसएमपीएस पूर्ण लोडवर साधारण 16-17 मिलीसेकंद दम धरतो. इन्व्हर्टर तेवढ्यात वळला नाही की संपलं. मागच्या बाजूला यूपीएस मोडचं बटण आहे का ते बघ, बऱ्याच इन्व्हर्टरना असतं.

---

लाईनमन_काका

बटन हाये का नाई हे पाहाले इन्व्हर्टर उचलू नको, बॅटरीचं पानी सांडन.

अन् 170 वर काटा आल्यावर एक गोष्ट ध्यानात ठेव. बल्ब असता तं कमी उजेड पडला असता अन् गोष्ट मिटली असती. एसएमपीएस तसा नाई. त्याले जेवढे वॅट पायजेत तेवढे तो घेतेच. व्होल्ट कमी झाले का करंट वाढवून घेते, म्हनून जास्त तापते अन् पंखा जोरात पयते. लेबलावर 100 ते 240 लिवलं असन तं जयनार काही नाई. 200 ते 240 असन तं सांजच्याले फॉर्मच भर.

---

पऱ्हाटीवाला

100 ते 240 आहे. वाचून जीव भांड्यात पडला.

यूपीएस मोडचं बटण सापडलं, आरसा धरून. न उचलता, काका. ते नॉर्मलवर होतं. बदलल्यापासून लाईन पाच वेळा गेली, एकदाही रीस्टार्ट नाही. गूं मात्र आहेच, तो राहू द्या. खड्डा झाला: विहिरीकडच्या लिंबाखाली, बाबांनी मोजून पाच फूट खोदला. मुंग्या बंद. आजी आता मुद्दाम डब्याला हात लावून जाते.

वॉरंटी पाच वर्षांची निघाली. सोमवारी एसएमपीएस नागपूरला पाठवतो. शेवटचा प्रश्न: केबल सगळ्या निघणाऱ्या आहेत, त्या सोबत पाठवू की ठेवून घेऊ? आणि तोवर फॉर्मसाठी मावसभावाचा जुना एसएमपीएस मिळतो आहे, दुसऱ्या कंपनीचा, तोही निघणाऱ्या केबलवाला. माझ्याच केबल त्याला लावल्या तर चालेल ना? बसतात बरोबर, लावून पाहिल्या.

---

सोल्डरचा_धूर

थांब! चालू केलास का?

बसतात, पण एसएमपीएसच्या बाजूच्या पिना कंपनीगणिक वेगळ्या असू शकतात. मदरबोर्डाकडचं टोक सारखं, एसएमपीएसकडचं टोक नाही. एकाची केबल दुसऱ्याला लावली की 5 व्होल्टच्या जागी 12 जाऊ शकतात, आणि पहिली हार्ड डिस्क जाते. मावसभावाकडून त्याच्याच केबल माग.

क्लेमच्या फॉर्मवर केबल पाठवा असं लिहिलं नसेल तर तुझ्या ठेवून घे. बदलून तोच मॉडेल आला तर त्याच लागतील. दुसरा मॉडेल आला तर त्याच्यासोबत आलेल्या वापर आणि जुन्या बाजूला ठेव, नाव लिहून.

---

पऱ्हाटीवाला

चालू नाही केला. लाईन नव्हती.

मावसभावाला फोन लावला. तो म्हणतो तीन केबल आहेत, चौथीनं त्याच्या वडिलांनी कुलरची टाकी बांधली आहे. उद्या सोडवून आणतो.

---

टपरीवरचा_गेमर

कुलरची असेल तर वाळवून घे आधी.

---

लाईनमन_काका

वाळवून नाई. ते तार फेकून दे.